बंदी घालण्याआधी मी ‘अ‍ॅनिमे’ पाहिले



दिवाळीच्या सुटीच्या चार दिवस आधी आठवीच्या वर्गात एक काळी वही सापडली. वहीवर पांढऱ्या शाईने ‘डेथ नोट’ असे लिहिले होते आणि आत सोळा नावे होती. पहिले नाव गणिताच्या सरांचे, दुसरे माझे. हे दोन हसण्यावारी नेता आले असते. पण सातवे नाव त्याच वर्गातल्या एका मुलीचे होते, आणि नावापुढे तारीखही घातलेली होती. ती मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही.

मी मुलाला बोलावले, त्याच्या आई-वडिलांना बोलावले, आणि रागाच्या भरात जे बोलू नये तेही बोलले. चार शिक्षकांसमोर बोलले, हे जास्त वाईट झाले. नंतरच्या पालकसभेत मागणी आली की शाळेत या जपानी कार्टूनचे नावसुद्धा निघता कामा नये. चित्रे असलेल्या वह्या, दप्तरावरची लेबले, स्नेहसंमेलनातला ‘नारुतो’चा वेष, सगळे बंद करावे. एका विश्वस्तांनी मला सरळच विचारले, “मॅडम, तुम्ही यातले काही पाहिले आहे का?” मी नाही म्हणाले. ते म्हणाले, “मीही नाही.” तेव्हा ठरावाआधी सुटीभराची मुदत मी मागून घेतली.

दहावीच्या मुलांनी मला यादी करून दिली. भाचीने रोज रात्री बसून मालिका लावून दिल्या. काही हिंदीत, काही जपानीत खाली इंग्रजी ओळी वाचत. माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातले, मराठी घरातली आणि ओट्यावरची, म्हणून भाषेत कुठे हिंदी डोकावली तर सांभाळून घ्यावे. मते मात्र माझी स्वतःची आहेत.

आधी पालकांना एक आठवण करून देते. १९९३ साली रविवारी सकाळी पोहे-जिलेबीची ताटली हातात घेऊन आपण दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ पाहत होतो. मोगली आपल्याच मध्य प्रदेशातला, सिवनीच्या जंगलातला. हिंदी शीर्षकगीत गुलझार यांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे, आणि शेरखानला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. पण चित्रे? ती जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९ साली केलेली होती. आज जे पालक म्हणतात की ही आमच्या वेळी नव्हती ती भानगड, ते स्वतः अ‍ॅनिमे पाहूनच मोठे झाले आहेत. कोणी सांगितले नाही, एवढेच.

लहानांच्या मालिकांवर फार लिहीत नाही. ‘डोरेमॉन’ची मूळ चित्रकथा १९६९ च्या अखेरीस सुरू झाली, आणि आपल्याकडे २००५ पासून ती हिंदीतून घराघरांत शिरली. नोबिता आळस करतो, डोरेमॉन पोटावरच्या खिशातून यंत्र काढतो, नोबिता त्याचा दुरुपयोग करतो आणि शेवटी त्याची फजिती होते. कथा चांगली आहे. अडचण एवढीच की मुलांना यंत्र लक्षात राहते, फजिती राहत नाही. ‘शिन-चॅन’ची गोष्ट वेगळी. योशितो उसुई यांनी ती १९९० साली मोठ्या माणसांच्या साप्ताहिकात सुरू केली होती. पाच वर्षांचा मुलगा घरातल्या मोठ्यांचे ढोंग उघडे पाडतो, हा त्यातला विनोद मोठ्यांसाठी होता. आपण ती पाच वर्षांच्या मुलांपुढे लावली आणि मग मूल उलट उत्तर देते म्हणून तक्रार केली. २००८ साली तिचे प्रसारण आपल्या देशात काही काळ थांबवावे लागले होते. त्यात दोष मालिकेचा कमी आणि लावणाऱ्याचा जास्त, असे मला वाटते.

आता ‘नारुतो’. आपल्या शाळेत हिचे भक्त सर्वांत जास्त, म्हणून मी हिला सर्वांत जास्त वेळ दिला. मासाशी किशिमोतो यांची चित्रकथा १९९९ ते २०१४ चालली. दूरचित्रवाणी मालिकेचे आधी २२० आणि मग ‘शिप्पुदेन’ नावाने ५०० भाग झाले. सगळे पाहिले असे खोटे सांगणार नाही.

पहिल्याच भागाने मात्र मला धरून ठेवले. गावाने वाळीत टाकलेला, परीक्षेत नापास झालेला एक अनाथ मुलगा. लक्ष वेधावे म्हणून भिंती रंगवणारा. असा एक मुलगा दर वर्षी माझ्यासमोर उभा असतो. त्याचे शिक्षक इरुका त्याला रागावतात, त्याच्याकडून भिंत पुसून घेतात आणि मग त्याला शेवयांचा वाडगा खायला नेतात. पुढे त्याच्यावर आलेले शस्त्र स्वतःच्या पाठीवर घेतात, आणि परीक्षेत न मिळालेला कपाळपट्टा स्वतःचा काढून त्याच्या कपाळाला बांधतात. तीस वर्षे शिकवल्यावर माणसाला असे वाटते की आता आपल्याला कशाने भरून येणार नाही. भाची शेजारी होती म्हणून मी चष्मा पुसल्याचे निमित्त केले.

(ज्यांना पुढची गोष्ट आधी कळायला नको, त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.)

परीक्षेच्या लढतीत नेजी नावाचा हुशार मुलगा नारुतोला सांगतो की माणसाचे नशीब जन्मानेच ठरते. नारुतो त्याला हरवतो आणि म्हणतो की ज्या एका विद्येने मला तीनदा नापास केले, तीच मी आता वापरली. इथपर्यंत उत्तम. पण पुढे काय निघते? नारुतो चौथ्या होकागेचा मुलगा, म्हणजे गावच्या प्रमुखाचाच. त्याहीपुढे तो एका प्राचीन ऋषीच्या मुलाचा पुनर्जन्म. मग नेजीच खरा ठरला की! ज्याच्याकडे घराणे नाही, वरदान नाही, फक्त कसरत आहे, असा रॉक ली हळूहळू मागे पडत जातो. कर्ण सूतपुत्र म्हणून वाढला आणि कुंतीपुत्र निघाला, पण व्यासांनी त्या जन्माचा त्याला फायदा करून दिला नाही. उलट तो जन्मच त्याला जड गेला. किशिमोतोंनी नायकाला घराणे दिले आणि कथेतला पहिला मोठा मुद्दा हातचा घालवला. या मालिकेची सर्वांत मोठी उणीव माझ्या मते ही आहे, हाणामारी नाही. दुसरी उणीव मुलींची. साकुराला तिघांच्या तुकडीत घेतले, आणि बराच काळ तिचे काम म्हणजे दोघांची नावे घेऊन ओरडणे.

तिसरी उणीव मुलेच ‘फिलर’ म्हणून सांगतात, म्हणजे भरतीचे भाग. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मूळ चित्रकथा साप्ताहिकात येते, आठवड्याला साधारण वीस पाने. मालिकेचा एक भाग अशी दोन प्रकरणे सहज खाऊन टाकतो. थोड्याच दिवसांत मालिका कथेला गाठते. मग बुवा येईपर्यंत भजनी मंडळाने वेळ मारून न्यावी तसा वेळ मारून न्यावा लागतो. पहिल्या ‘नारुतो’चे शेवटचे ऐंशीच्या आसपास भाग जवळजवळ सगळे असेच आहेत. ‘ड्रॅगन बॉल झी’ने दुसरी युक्ती केली. नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटणार असे खलनायक सांगतो आणि ती पाच मिनिटे कितीतरी भाग संपता संपत नाहीत. त्या मालिकेबद्दल एक गोष्ट मात्र इतिहासाच्या तासाला सांगण्यासारखी आहे. गोकू हे नाव चिनी कादंबरीतल्या वानरराजाच्या नावाचा जपानी उच्चार आहे. तो वानरराज ज्या भिक्षूबरोबर धर्मग्रंथ आणायला भारतात निघतो, तो भिक्षू म्हणजे आपल्या पुस्तकातला ह्युएन त्संग. त्याने आपल्या उज्जैनबद्दल लिहिले आहे आणि पुलकेशीच्या महाराष्ट्राबद्दलही. अकिरा तोरियामा यांनी १९८४ साली त्यात बरीच मोडतोड करून हे सुरू केले. मुलांना गोकू माहीत आहे, ह्युएन त्संग परीक्षेपुरता.

माझ्या यादीत पहिला क्रमांक ‘फुलमेटल अल्केमिस्ट’चा. ही हिरोमू अराकावा या बाईंची कथा. होक्काइदोमध्ये दुभत्या जनावरांच्या गोठ्यावर वाढलेल्या या लेखिका स्वतःचे चित्र चष्मेवाल्या गाईचे काढतात! दोन भाऊ मेलेल्या आईला किमयेने परत आणायला जातात. काही मिळवायचे तर तेवढ्याच मोलाचे काही द्यावे लागते, हा किमयेचा नियम. एकाचा हात-पाय जातो, दुसऱ्याचे सगळे शरीर. २००३ साली मालिका झाली तेव्हा मूळ कथा अर्धवट होती, म्हणून तिला वेगळाच शेवट लावला गेला. २००९ मध्ये ‘ब्रदरहुड’ नावाने पुन्हा सुरुवात झाली, आणि २०१० साली मूळ कथा व मालिका जवळजवळ एकदमच संपल्या. ६४ भाग, भरती जवळपास नाही. बायका नुसत्या शोभेच्या नाहीत. एक यंत्रे दुरुस्त करते, एक सैन्य चालवते, आणि एक जण स्वतःला साधी गृहिणी म्हणवून सगळ्यांना झोडपते. सरकारी किमयागारांनी इश्वाल प्रांतात केलेला नरसंहार त्यात आहे. आज्ञा पाळणारे सैनिक नंतर काय भोगतात, तेही आहे. आमच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकाला हे जमलेले नाही. पण एक विद्वान बाप सनद टिकवण्यासाठी स्वतःच्या लहान मुलीचे जे करतो, तो भाग पाहून मला रात्री झोप लागली नाही. नववीच्या खाली ही मालिका नको.

खेळाडूंनी ‘हायक्यू’ जरूर पाहावी. हिनाता साधारण १६३ सेंटिमीटर उंचीचा, आणि पुरुषांची व्हॉलीबॉलची जाळी २४३ सेंटिमीटर. हरलेल्या संघाचे रडणे इतक्या आदराने दाखवलेले मी दुसरीकडे पाहिले नाही. एका सामन्याला एक अख्खा दहा भागांचा हंगाम, हे मात्र आमच्या क्रीडाशिक्षकांनाच सोसवेल. ‘डीमन स्लेयर’ डोळ्यांचे पारणे फेडते. २०२५ च्या सप्टेंबरात तिचा चित्रपट आपल्याकडे हिंदीतही लागला आणि निम्मा दहावीचा वर्ग तिथे होता. तंजिरो मारलेल्या राक्षसासाठीही हात जोडतो, हे मला आवडले. कथा मात्र पातळ आहे. आणि त्यातला तो पिवळ्या केसांचा मुलगा किंचाळायला लागला की आवाज बंद करावा.

आता ती वही.

‘डेथ नोट’ ३७ भागांची, २००६-०७ सालची. लाइट नावाच्या अत्यंत हुशार विद्यार्थ्याला एक वही मिळते. तिच्यात ज्याचे नाव लिहावे तो मरतो. आधी तो गुन्हेगारांची नावे लिहितो, मग जो आड येईल त्याचे. त्याचा आणि ‘एल’ या गुप्तहेराचा डावपेच बुद्धिबळासारखा रंगतो. पंचविसाव्या भागानंतर तो रंग उडतो आणि पुढचे बारा भाग नुसते ओढले जातात. पण मालिका लाइटला बरोबर म्हणत नाही. न्यायाची भाषा बोलणारा मुलगा पायरी पायरीने कसा घसरतो, हीच तिची गोष्ट आहे. तेरा वर्षांच्या मुलाला ती घसरण दिसत नाही, फक्त वही दिसते. म्हणून ही मालिका आठवीत नको, अकरावीत चालेल. ‘अटॅक ऑन टायटन’चेही तेच, तिथे माणसे खाताना दाखवतात, आणि शेवटी कोण बरोबर याचे उत्तर मोठ्यांनाही सोपे नाही.

सुटी संपल्यावर मी त्या मुलाला एकट्याला बोलावले. चार जणांसमोर बोलले त्याबद्दल त्याच्याकडे खेद व्यक्त केला. मग विचारले, “सातवे नाव का लिहिलेस?” बराच वेळ गेला. त्या मुलीने त्याच्या अडखळत बोलण्याची वर्गात नक्कल केली होती, सगळे हसले होते. ही गोष्ट आमच्यापैकी एकाही शिक्षकाला माहीत नव्हती. वर्षभर. लाइटने हे त्याच्या डोक्यात घातले नव्हते. वही त्याला आयती मिळाली, इतकेच. तरीही नाव लिहिणे चूकच होते, आणि त्याने ते तिला स्वतः सांगितले. तिनेही तिचे सांगितले. मी खोलीच्या बाहेर उभी होते.

तेव्हा विश्वस्त मंडळापुढे माझे मत असे: सरसकट बंदी नको. कोणती मालिका कोणत्या इयत्तेपासून, याची यादी शाळा पालकांना देईल. रात्री दहानंतर मुलाच्या हातात फोन असणार नाही, एवढे पालकांनी पाहावे. ते शाळेला जमणार नाही. आणि वाचनालयाच्या तासाला आठवी ते दहावीच्या मुलांनी पाहिलेल्या मालिकेचे परीक्षण मराठीत लिहावे. आवडली-नाही आवडली चालणार नाही; कुठे जमले, कुठे फसले, ते दाखवावे लागेल.

पहिले परीक्षण आले आहे. ‘डेथ नोट’चे शेवटचे बारा भाग का फसले, यावर अडीच पाने. लिहिणारा कोण, हे वाचकांनी ओळखले असेलच. मी त्यातले फक्त शुद्धलेखन तपासले. ते येत्या सोमवारपासून भित्तिपत्रकावर लागेल. बाकीच्यांनी आपली परीक्षणे शनिवारपर्यंत वाचनालयात द्यावीत. शेवट सांगणार असाल तर वर तशी सूचना लिहावी, कारण मी ‘शिप्पुदेन’च्या अजून दोनशेव्या भागावर आहे.