बोलायचे कोणाशी?

बांगलादेशात ढाका पोलिसांच्या गुप्तचर शाखेचे तत्कालीन प्रमुख हारून-ओर-रशीद यांना एक खोड होती. कार्यालयात आलेल्या, किंवा आणलेल्या, माणसाला जेवू घालायचे आणि त्या पंगतीची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकायची. ढाकेकरांनी त्या कार्यालयाचे नाव ‘हारूनची खानावळ’ असे ठेवले होते. जुलै २०२४ च्या अखेरीस या खानावळीत सहा विद्यार्थी जेवताना दिसले. सरकारी नोकऱ्यांतील कोट्याविरोधात पेटलेल्या आंदोलनाचे हे समन्वयक. त्यातील तिघांना रुग्णालयातून उचलले होते. ‘त्यांच्याच सुरक्षेसाठी’, असे पोलिसांचे म्हणणे. २८ जुलैच्या रात्री त्यांच्यातील एकाने हातातल्या कागदावरून आंदोलन मागे घेत असल्याचे निवेदन वाचले आणि बाकीचे पाच जण आजूबाजूला गप्प बसून राहिले. देशाची थट्टा लावली आहे काय, या अर्थाचे खडे बोल तिथल्या उच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी सुनावले, ते या पंगतीवरून.

पंतप्रधान शेख हसीना यांच्या सरकारच्या लेखी प्रकरण मिटले होते. बाहेर राहिलेल्या समन्वयकांनी मात्र लगेच कळवले की निवेदन धाकाने वदवून घेतले आहे, आंदोलन चालूच राहील. सरकारने ३० जुलैला राष्ट्रीय शोक पाळायला सांगून काळ्या फिती बांधण्याचे फर्मान काढले, तर विद्यार्थ्यांनी तोंडाला आणि डोळ्यांना लाल फडकी बांधली आणि फेसबुक रातोरात लाल झाले. त्या सहा जणांना १ ऑगस्टला सोडावे लागले. ५ ऑगस्टला हसीना देश सोडून निघाल्या आणि त्या संध्याकाळी दिल्लीशेजारच्या हिंडन हवाई तळावर उतरल्या. पंधरा वर्षांच्या सलग सत्तेचा शेवट असा झाला. ज्यांना उचलल्याने आंदोलन थांबेल असे वाटले होते, त्यांना उचलल्याने ते वाढले, हे पोलिसांच्या गणितात बसणारे नव्हते.

आंदोलन मोडण्याच्या सरकारी रीती जगभर सारख्याच आहेत. म्होरक्याला आत टाका, तो न बधल्यास त्याच्या दुसऱ्या फळीला फोडा, तेही न जमल्यास चर्चेला बोलावून दमवा. या तिन्हींसाठी समोर म्होरक्या लागतो. ढाक्यात तो नव्हता. कोट्याविरोधात उभ्या राहिलेल्या ‘भेदभावविरोधी विद्यार्थी आंदोलना’ने अध्यक्ष, सरचिटणीस असली पदे निर्माणच केली नाहीत. ‘समन्वयक’ होते, तेही डझनावारी, विद्यापीठागणिक वेगळे. १७ जुलैला सरकारने विद्यापीठे बंद करून वसतिगृहे रिकामी केली. मुले गावी गेली की रस्ते शांत होतील, हा हिशेब. घडले ते भलतेच. दुसऱ्या दिवशी ढाक्याच्या रामपुरा, बड्डा, उत्तरा भागांत खासगी विद्यापीठांची मुले उतरली. तोवर त्यांना कोणी आंदोलनात धरतही नसे. जात्राबाडीत मदरशांतील पोरे आणि रिक्षावाले आले. त्या रात्री इंटरनेट बंद केले तेव्हा एका वस्तीला दुसऱ्या वस्तीत काय चालले आहे हे कळेनासे झाले, पण प्रत्येक वस्तीला आपल्या नाक्यावर काय करायचे हे ठाऊक होते. आदेश वरून येतच नसल्याने आदेशाची तार तोडून काही साधणार नव्हते.

ही रचना कोणा सिद्धांतकाराच्या पुस्तकातून आली नाही. ती मार खाऊन आली. २०१८ मध्ये याच कोट्यावरून ढाका विद्यापीठात आंदोलन झाले, तेव्हा त्याला चेहरा होता. नुरुल हक नूर हा त्यातला एक. २०१९ मध्ये अठ्ठावीस वर्षांच्या खंडानंतर ढाका विद्यापीठाच्या विद्यार्थी संसदेची निवडणूक झाली आणि नूर तिचा उपाध्यक्ष म्हणून निवडून आला. लोकशाहीच्या दृष्टीने यापेक्षा चांगले काय असते? रस्त्यावरचा मुलगा मतपेटीतून सभागृहात आला होता. त्यानंतर सत्ताधारी पक्षाच्या विद्यार्थी संघटनेने त्याला पुन्हा पुन्हा मारले, डिसेंबर २०१९ मध्ये तर थेट त्या संसदेच्या इमारतीतील त्याच्या दालनात. ती निवडणूक पुढे २०२५ पर्यंत झालीच नाही. पाच वर्षांनी जी मुले रस्त्यावर उतरली, त्यांनी यातून धडा घेतला होता. नेता झालात तर हाडे मोडतात. मग हसीनांचे मंत्री ‘चर्चेला तयार आहोत’ असे म्हणू लागले तेव्हा समोर येणार कोण?

बोलायचे कोणाशी, ही तक्रार आता कोणत्याही राजधानीत ऐकू येते. केनियात जून २०२४ मध्ये वित्त विधेयकाविरुद्ध तरुण संसदेत घुसले. आम्हाला नेता नाही, जमात नाही, पक्ष नाही, हे त्यांचे सांगणे होते. राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी दुसऱ्याच दिवशी विधेयक मागे घेतले आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात ‘एक्स’वरील खुल्या ध्वनिसभेत बसून कोणत्याही ऐऱ्यागैऱ्याचे प्रश्न घेतले. त्याबद्दल त्यांना गुण द्यायला हरकत नसावी. पण त्याच सुमारास नैरोबीत साध्या वेशातील, तोंड झाकलेली माणसे बिननंबरच्या गाड्यांतून आंदोलकांना उचलून नेत होती. एका हाताने माइक आणि दुसऱ्या हाताने बुरखा, असे चालत नाही.

म्होरक्या सापडत नाही तेव्हा सरकारला समोरची सगळी गर्दीच म्होरक्या वाटू लागते, आणि गोळीबार इथून सुरू होतो. बांगलादेशातील रंगपूरमध्ये १६ जुलैला अबू सईद हा विद्यार्थी दोन्ही हात पसरून पोलिसांसमोर एकटा उभा राहिला. हातात एक काठी, आजूबाजूला रस्ता मोकळा. पोलिसांनी काही पावलांवरून छर्‍याच्या बंदुकीने त्याला टिपले. हे चित्रीकरण देशाने पाहिले. पोलिसांच्या प्राथमिक तक्रारीत मात्र आंदोलकांनीच केलेल्या दगडफेकीत आणि गोळीबारात एक विद्यार्थी पडला, अशी नोंद झाली. ती तक्रार लिहिणाऱ्याने चित्रफीत पाहिलेली नसेल असे मानणे कठीण आहे. त्याला ती खोडून काढण्याची गरजच वाटली नाही, इतका त्याला व्यवस्थेवर भरवसा होता. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार १ जुलै ते १५ ऑगस्ट या दीड महिन्यात १,४०० पर्यंत माणसे मारली गेली असावीत, बहुतांश सुरक्षा दलांच्या गोळ्यांनी. त्यात १२ ते १३ टक्के लहान मुले होती.

इथपर्यंत रस्त्याची बाजू. पण बिननेत्याच्या आंदोलनाची आरती ओवाळणाऱ्यांनी पुढचेही वाचावे. सिराजगंज जिल्ह्यातील इनायेतपूर पोलिस ठाण्यावर ४ ऑगस्टला जमाव चालून गेला आणि डझनाहून अधिक पोलिसांना त्याने ठार केले. हसीना गेल्यावर त्यांच्या अवामी लीग पक्षाच्या कार्यकर्त्यांवर, हिंदूंच्या घरांवर आणि देवळांवर हल्ले झाले. समन्वयकांनी निषेध केला, काही ठिकाणी विद्यार्थी देवळांबाहेर पहाऱ्यालाही बसले. पण जमावाला ‘थांबा’ असे कोण सांगणार? ज्याचा शब्द निघताना कोणी घेतला नाही, त्याचा शब्द परतताना कोण घेईल?

नेपाळने हा प्रश्न आणखी उघडा केला. के. पी. शर्मा ओली सरकारने ४ सप्टेंबर २०२५ रोजी २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली. राजकारण्यांच्या पोरांच्या चैनीची छायाचित्रे ज्या माध्यमांवर फिरत होती तीच बंद केल्याने तरुण आधीच खवळलेले. ८ तारखेला काठमांडूच्या माइतीघरपासून नव्या बानेश्वरच्या संसद भवनाकडे निघालेल्या गर्दीत शाळा-कॉलेजच्या गणवेशातील मुले होती. त्या एका दिवसात १९ जण गोळीबाराला बळी पडले. रात्री बंदी उठली, गृहमंत्री गेले. दुसऱ्या दिवशी ओली गेले आणि सिंहदरबार, संसद, सर्वोच्च न्यायालय जळाले. पहिल्या दिवशी हाक देणाऱ्या तरुणांच्या गटांना ही जाळपोळ आमची नाही असे सांगत फिरावे लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या आगीत हजारो खटल्यांची कागदपत्रे गेली. त्यात ओलींचे काय गेले? गेले ते जमिनीच्या, पोटगीच्या, जामिनाच्या तारखांवर वर्षानुवर्षे हेलपाटे घालणाऱ्यांचे. तुरुंगांतून तेरा हजारांवर कैदी पळाले. एकूण बळींचा आकडा सत्तरच्या पुढे गेला. मग पंतप्रधान कोण, याचा कौल ‘डिस्कॉर्ड’ या खेळाडूंच्या गप्पांसाठी निघालेल्या मंचावर घेतला गेला आणि त्यातून माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांचे नाव पुढे आले. निवड चांगली झाली, हे नेपाळचे भाग्य. पण त्या मतदानात कोण बसले होते, नेपाळमधले किती आणि बाहेरचे किती, हे सांगायला मतदारयादी नव्हती. जिच्याकडे स्मार्टफोन नाही त्या डोंगरातल्या बाईचे मत तर नव्हतेच.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटू नये. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या प्रमुख नेत्यांना ब्रिटिशांनी उचलले. आठवडाभरात चिमूर आणि आष्टीत ठाणी पेटली, पोलिस मारले गेले. महिन्याभराने वडूज आणि नंदुरबारला मोर्च्यांवर गोळ्या चालल्या, नंदुरबारला शिरीषकुमार पडला. हिंसेला जबाबदार कोण, यावर गांधीजी आणि व्हाइसरॉय लिनलिथगो यांचा पत्रव्यवहार झाला. सरकारने गांधीजींकडे बोट दाखवले. लोकांना आवरू शकणारी माणसे तुम्हीच तुरुंगात घातलीत, हा गांधीजींचा मुद्दा होता. तो आजही खोडता आलेला नाही. लडाखमधील लेहमध्ये २४ सप्टेंबर २०२५ रोजी पोलिस गोळीबारात चौघे मेले. दोन दिवसांत तिथल्या आंदोलनाचा चेहरा असलेल्या सोनम वांगचुक यांना राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली पकडून जोधपूरच्या तुरुंगात धाडले गेले. परिणाम असा की केंद्राशी ६ ऑक्टोबरला ठरलेल्या चर्चेतून लेहच्या संघटनेने अंग काढून घेतले. उपोषणाला बसणारा, नाव-गाव असलेला, कॅमेऱ्यासमोर बोलणारा माणूस ही सरकारसाठी अडचण नसते, सोय असते. ती सोय दिल्लीने आपल्या हाताने घालवली.

पोलिसांबाबतही एक गोष्ट बोलली पाहिजे. आंदोलकाला चेहरा नसावा असे वाटते, कारण चेहरा दिसला की घर सापडते. पण शिपायाचाही चेहरा नसावा, हे कोणत्या कायद्यात बसते? हाँगकाँगमध्ये २०१९ च्या आंदोलनात दंगलविरोधी पथकांनी गणवेशावरचे क्रमांक काढून टाकले होते. तिथल्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये ही पद्धत नागरिकांच्या हक्कांचा भंग करणारी ठरवली, आणि तेही तिथे राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाल्यानंतर. आपल्याकडे मोर्चाच्या बंदोबस्तात चिलखतावर नावाची पट्टी दिसते का, हे वाचकांनी पुढच्या वेळी जरूर पाहावे. ढाक्यातील न्यायाधिकरणाने १७ नोव्हेंबर २०२५ रोजी हसीना आणि त्यांचे गृहमंत्री यांना त्यांच्या गैरहजेरीत फाशी सुनावली. आरोपीशिवाय चाललेला खटला आणि फाशी, दोन्ही आम्हाला मान्य नाहीत. पण त्याच खटल्यातील तिसरा आरोपी तेव्हाचा पोलिस महानिरीक्षक होता. तो माफीचा साक्षीदार झाला, वरून आलेले आदेश त्याने सांगितले आणि पाच वर्षांची शिक्षा घेऊन बसला. गोळीबाराचा तोंडी आदेश घेणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हे प्रकरण वाचून ठेवावे.

राहिला महाराष्ट्र. आपल्याकडे तरुण संसदेवर चालून गेलेले नाहीत, म्हणून सारे आलबेल आहे असे समजण्याचे कारण नाही. जिथे नेते घडतात त्या पायऱ्या आपणही उचलून ठेवल्या आहेत. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदानासाठी जानेवारी २०२६ उजाडावे लागले. जवळपास चार वर्षे नळाला पाणी नाही म्हणून कोणाच्या दारात जायचे, तर प्रशासकाच्या. महाविद्यालयांतील खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकात हाणामाऱ्यांचे कारण सांगून बंद झाल्या. त्या पुन्हा सुरू करण्याची तरतूद २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात झाली, पुढे एकदा वेळापत्रकही निघाले आणि गुंडाळले गेले. परीक्षेचा पेपर फुटला, शिष्यवृत्ती रखडली, वसतिगृहात अळ्या निघाल्या की मुले आज थेट रस्त्यावर येतात ती यामुळे. त्यांच्यातून निवडलेला कोणी असता, तर कुलगुरूंच्या दालनात तो आधी जाऊन बसला असता. निवडणुकीत चार डोकी फुटतील ही भीती सरकारला वाटत असेल तर बंदोबस्त लावावा, त्यासाठीच पोलिस आहेत. उच्च शिक्षणमंत्र्यांनी येत्या शैक्षणिक वर्षातील खुल्या विद्यार्थी निवडणुकांची तारीख जाहीर करावी. कायदा आहे, विद्यापीठे आहेत, मतदार वर्गात बसलेले आहेत.