एआयचा कोर्स नंतर, आधी तराजू हातात घ्या!



"ग्रॅज्युएशन झालं, आता एआयचा कुठला कोर्स करू?" हा प्रश्न सध्या जिकडेतिकडे ऐकू येतो. माझं मत सरळ आहे. कोर्स नंतर करा, आधी आपल्या तालुक्यातला एक धंदा आतून शिका.

का, ते सांगतो. आजवर आपल्याकडचा ठरलेला रस्ता असा: बीए किंवा बीकॉम, सोबत एमएस-सीआयटी, थोडं टायपिंग, मग कुठेतरी कॉम्प्युटर ऑपरेटर. चॅटजीपीटी नोव्हेंबर 2022 मध्ये आलं आणि या रस्त्याचा पायाच हलला. अर्ज लिहिणं, पत्राचं भाषांतर, तक्ता तयार करणं ही कामं आता मोबाईल करतो. फक्त टाईप करणाऱ्याला पगार कोण देणार? धडगावच्या पोराला याचा फटका जास्त, कारण इथे दुसरी नोकरी नाही मिळाली तर गुजरातकडे मजुरीला जाणं एवढाच पर्याय समोर दिसतो.

मग मशीनला काय जमत नाही? आपल्या आमचूरचंच उदाहरण घ्या. उन्हाळ्यात कैरी सोलायची, फोडी करायच्या, वाळवायच्या, मग बाजारात न्यायच्या. समजा, 100 किलो कैरी 1,000 रुपयांची आणि मजुरी 600. एकूण खर्च 1,600. तुम्ही एआयला भाव काढायला सांगितला आणि त्याने धरलं की वाळून 20 किलो माल निघेल. म्हणजे किलोला खर्च 80 रुपये. 120 ला विकलं तर 40 रुपये नफा. वा! पण तुमच्या अंगणात प्रत्यक्षात 10 किलोच निघाला तर? खर्च 160. त्याच 120 च्या भावात किलोमागे 40 रुपये घरातून गेले. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत. हिशोब दोन्ही वेळा बरोबरच होता, चुकला तो अंदाज. तो पकडायला वजनकाटा लागतो आणि फोडी वाळताना पाहिलेला माणूस लागतो.

दुसरी गोष्ट भाषेची. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने 2025 मध्ये 'आदी वाणी' हे भाषांतराचं एआय साधन आणलं. सुरुवात संताली, भिली, मुंडारी आणि गोंडी या चार भाषांनी झाली. पाऊल चांगलंच आहे. पण आपली पावरी त्या चारमध्ये नाही. पाड्यावरच्या बचत गटाच्या ताईंशी पावरीत बोलणारा, तेच व्यापाऱ्याला मराठीत आणि इंदूर-सुरतच्या ग्राहकाला हिंदीत समजावणारा माणूस कोण? तुम्हीच! ज्याला तुम्ही आजवर कमीपणा समजत आलात, ते तुमचं भांडवल आहे.

आता करायचं काय? तीस दिवसांचं काम देतो.

1. एक ओळखीचा धंदा निवडा: आमचूर, किराणा, शिलाई, कोंबड्या, काहीही.
2. रोजची खरेदी, विक्री, उधारी वहीत लिहा. आधी वही, मग मोबाईल.
3. तोच हिशोब एआयकडून करून घ्या. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. फरक कुठे पडला, ते लाल पेनाने लिहा.
4. पाकिटावरचा मजकूर एआयकडून लिहून घ्या, पण एफएसएसएआयचा 14 अंकी नंबर, वजन, तारीख स्वतः तपासा. चुकीचं छापलं तर दंड तुम्हाला होणार, मोबाईलला नाही.

महिन्याअखेरी हातात जी वही असेल, ती नोकरीच्या मुलाखतीत दाखवा. नोकरी नाही मिळाली तर त्याच वहीवर स्वतःचं काम सुरू करा. गावातल्या पाच दुकानदारांचा हिशोब सांभाळणं हासुद्धा धंदाच आहे.

कॉलेजांनाही एक सांगणं आहे. एआयवर एक दिवसाचं व्याख्यान आणि ग्रुप फोटो, याने पोरं तयार होत नाहीत. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एका बचत गटाचा किंवा दुकानाचा खरा हिशोब द्या आणि त्यावर मार्क द्या.

कोणी म्हणेल, पाड्यावर नेटवर्कच नाही, एआय कुठलं? अडचण खरी आहे. पण वही आणि तराजूला नेटवर्क लागत नाही. निम्मी तयारी तिथेच होते. उरलेली बाजाराच्या दिवशी धडगावात आल्यावर करा.

चला, वही आणा. पहिल्या पानावर आजची तारीख टाका.