कुत्रा कोणाचा?



निर्गमाच्या 21 व्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. आपण तो भरभर वाचून पुढे जातो, कारण त्यात ना चमत्कार, ना प्रार्थना. एकाच्या बैलाने दुसऱ्याचा बैल मारला तर नुकसान दोघांनी वाटून घ्यायचे. पण बैल मारका आहे हे धन्याला आधीच ठाऊक असून त्याने तो आवरला नसेल, तर त्याने बैलाबद्दल बैल भरून द्यायचा. बैलाच्या जागी कुत्रा आणि बकरी घाला, म्हणजे हा नियम थेट आपल्या मुळगावात येतो.

आपल्याकडे मेंढ्या जवळजवळ नाहीतच, शेळ्या आहेत. आणि त्या पाळणारा माणूस बहुधा हातावर पोट असलेला. रात्री मोकळे सोडलेले तीन-चार कुत्रे एकत्र आले की घरी गरीब असलेला कुत्राही वेगळा वागतो. खाण्यासाठीच मारतो असे नाही. पळणारे जनावर दिसले की पाठलाग करतो. दात न लागताही गाभण शेळी भीतीने धावून गाभ टाकते. बिबट्याने बकरी नेली तर वनखात्याकडे भरपाईचा अर्ज तरी करता येतो. कुत्र्याने मारली तर अर्ज घेऊन कोणाकडे जाणार?

सकाळी तर तो कुत्रा कोणाचाच नसतो! चोर आला तर 'आमचा टायगर', बकरी मेली तर 'भटके कुत्रे'. घर बंद करून कुवेतला किंवा इंग्लंडला गेलेल्यांचे कुत्रेही याच हिशेबात धरा. शेजाऱ्याने दयेने भाकरी घातली म्हणून तो शेजाऱ्याचा होत नाही.

कुत्रा आणि कळप यांचे वैर जन्माचे आहे असे मला वाटत नाही. ईयोबाच्या पुस्तकात कळप राखणाऱ्या कुत्र्यांचा उल्लेख आहे. माण, फलटण, आटपाडीकडचे धनगर पावसाळा संपला की मेंढ्या घेऊन बाहेर पडतात, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवतात, आणि राखणीला कुत्रेच असतात. ते पिल्लू असल्यापासून मेंढ्यांत वाढलेले. वाटेवरच्या गावातले मोकाट कुत्रे हीच त्यांची डोकेदुखी.

काही जण म्हणतील, आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे. उत्तम. 2014 पासून गोव्यात रेबीजविरुद्ध मोठी मोहीम चालली आणि 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले. याचा अभिमान बाळगावा. पण लसीने रेबीज थांबतो, पाठलाग थांबत नाही. इंग्लंडमध्ये 1953 पासून कायदा आहे: शेतात कुत्र्याने मेंढ्यांना त्रास दिला तर मालक गुन्हेगार. तिथे राहणाऱ्या आपल्या माणसांना तो पाळावाच लागतो. मग गावच्या घरी तोच नियम जड का वाटावा?

दुसऱ्या बाजूलाही स्पष्ट सांगतो. रागाने भाकरीत विष घालणे हा उपाय नव्हे. 1960 च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि विष खाणारा कुत्रा बहुधा निरपराधच असतो. टोबीतच्या पुस्तकात तरुण तोबियास प्रवासाला निघतो तेव्हा त्याचा कुत्राही सोबत जातो. संत रोकच्या मूर्तीपाशी कुत्रा असतो, तो आपण फेस्ताला पाहतोच. देवाने केलेल्या जिवाला आपल्या निष्काळजीपणाची शिक्षा देऊ नये.

माझे म्हणणे एवढेच. अंधार पडल्यावर कुत्रा आवारात राहावा. परदेशी जाणाऱ्याने कुत्र्याचा पोशिंदा ठरवून, खर्च देऊन मगच विमान पकडावे. आणि बकरी मेली तर वाड्यावरच्या कुत्रेवाल्या घरांनी मिळून तिची बाजारातली किंमत द्यावी, कोणाच्या कुत्र्याचा दात लागला याचा वाद न घालता. किंमत गाभण शेळीची असेल तर गाभण शेळीचीच धरावी. येत्या आठवड्यात आमच्या वाड्यावरच्या प्रार्थनेनंतर मी हे मांडणार आहे. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी जरूर यावे.