गाठ सापडल्यानंतरचा रस्ता

स्तनाचा कर्करोग शोधण्यासाठी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, हा प्रामुख्याने श्रीमंत देशांचा मार्ग. त्याला यंत्र, रेडिओलॉजिस्ट आणि पैसा, तिन्ही लागतात. हे नसेल तिथे प्रशिक्षित हात पुरतात का, याचा शोध मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८पासून वीस वर्षे घेतला. झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्तन बोटांनी चाचपून पाहत, शंका आली की रुग्णालयात पाठवत. २०२१मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: रोग लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत त्याने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयोगट एकत्र धरले, तर १५ टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. उत्साहाच्या भरात हे सांगायचे राहून जाते.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने या रोगासाठी जागतिक उपक्रम सुरू केला. साठ टक्के रुग्णांचे निदान पहिल्या दोन टप्प्यांत, निदानाला जास्तीत जास्त ६० दिवस आणि ८० टक्क्यांचे उपचार पूर्ण, ही त्याची उद्दिष्टे. यातले शेवटचे सर्वांत अवघड. बायोप्सीला एक खेप, अहवालाला दुसरी, मग किमोच्या फेऱ्या. प्रत्येक खेपेला रोजंदारी बुडते आणि सोबतीला कुणीतरी लागते. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढील स्त्रियांची हाताने स्तनतपासणी आहेच. आता किती जणींना तपासले यापेक्षा, पाठवलेल्यांपैकी किती जणी बायोप्सीपर्यंत पोचल्या आणि किती जणींचे उपचार पुरे झाले, हे आकडे जिल्हावार जाहीर व्हायला हवेत.