चांदी अस्वलाची बदनामी

मागच्या शनिवारी सकाळी चहा घेता घेता फॅमिली ग्रुप उघडला आणि चहा तसाच राहिला. अकोटकडच्या आमच्या गावातला व्हिडिओ. टॉर्चचा उजेड, पंधरावीस पोट्टे, हातात काठ्या, आणि कडब्याच्या गंजीला पाठ लावून उभं असलेलं, मांजरापेक्षा थोडं मोठं, लांब शेपटीचं एक जनावर. पुढचं लिहीत नाही. खाली मजकूर : "कबर बिज्जू पकडला. लेकरं उचलून नेते. सावध राहा." त्यावर 23 अंगठे, त्यातला एक आमच्या सीए झालेल्या आतेभावाचा.

मोठेबाबांना फोन लावला.

"काहून मारलं हो त्याले?"

"अबे, म्या कुठं मारलं? पोट्ट्यायनं मारलं. मढे उकरते म्हनते तो."

"कोनाचं उकरलं?"

"...कोनाचंच नाही."

तर मंडळी, पहिली गोष्ट म्हणजे ते उदमांजर होतं. फळं, उंदीर, किडे खाणारं, आणि अधूनमधून कौलांवर धावून आपली झोपमोड करणारं. मेलं ते दुसऱ्याच्या नावाने. ज्याच्या नावाने मेलं तो खरा 'बिज्जू' म्हणजे चांदी अस्वल, इंग्रजीत रॅटेल किंवा हनी बॅजर. नावात अस्वल असलं तरी हा गडी पाणमांजराच्या कुळातला. अंगाने काळा, डोक्यापासून शेपटीपर्यंत वरून चंदेरी चादर टाकल्यासारखा, शेपूट आखूड. मेळघाटच्या प्राण्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. पण दिसतो क्वचितच, कारण माणसांच्या आसपास असला की तो रात्रीच बाहेर पडतो.

आता कबरीचं. त्याच्या पुढच्या पायांना लांब, दणकट नख्या असतात. त्याने तो उंदरांची बिळं उकरतो, मधमाश्यांची पोळी फोडतो. साप खातो, मिळालं तर मेलेलं जनावरही खातो. उकरणारा आणि मेलेलं खाणारा, एवढं जोडलं की गोष्ट तयार! इंग्रजांच्या काळातल्या प्राण्यांवरच्या पुस्तकांतही हा आरोप सापडतो. आणि हे फक्त आपल्याकडचे 'अडाणी' लोक करतात असं समजू नका. 2007 साली इराकमधल्या बसऱ्यात ब्रिटिश सैन्याने माणसं खाणारे प्राणी सोडले अशी अफवा उठली. सैन्याला रीतसर खुलासा करावा लागला. निघालं काय? तिथेच राहणारं हेच जनावर.

पण माझा खरा राग गावातल्या पोरांवर नाही, आपल्यावर आहे. 2011 मध्ये यूट्यूबवर या प्राण्याचा एक व्हिडिओ तुफान चालला. कशाचीच पर्वा नसलेला, सिंहालाही न घाबरणारा माथेफिरू, अशी त्याची प्रतिमा झाली. आम्ही ऑफिसात मग तेच चिकटवून बसलो. माझ्या लॅपटॉपवरही स्टिकर होतं (हो, हसा!). आता सांगा, 'कोणालाही न घाबरणारा' हे आपलं कौतुक आणि 'लेकरं उचलून नेते' ही त्यांची भीती, यात फरक तो काय? दोन्हीकडे त्याचं वागणं बघितलंच नाही.

वाट मोकळी असेल तर तो सहसा निघून जातो. कोंडला की मात्र केस फुलवतो, गुरगुरतो, घाण वास सोडतो आणि अंगावर येतो. मानेची कातडी जाड आणि सैल, त्यामुळे धरलं तरी आतल्या आत वळून चावतो. म्हणजे लोक ज्याला हल्ला म्हणतात ते त्याचं शेवटचं पाऊल असतं. आपण एरर मेसेज वाचतो, पण त्याआधी युजरने काय केलं ते लॉगमध्ये बघत नाही, तसंच हे.

"पुण्यात बसून बोलनं सोपं हाय," मोठेबाबा म्हणाले. मान्य. शेतीची लाइन रात्री येते, अंधारात पाणी द्यायला तुम्ही जाता, मी नाही. कोंबड्या गेल्या तर तुमच्या जातात. भीती खोटी नाही. पण व्हिडिओतली वीस पोरं घाबरलेली वाटत नव्हती हो!

आणि करण्यासारखं फार अवघडही नाही. खुराड्याला खालून जाळी मारायची, कारण तो उकरून येतो. मधपेट्या उंच, पक्क्या स्टँडवर ठेवायच्या. दक्षिण आफ्रिकेत हे करून मधपाळांचं नुकसान थांबलेलं आहे. आवारात शिरलाच तर कुत्रं बांधा, मागे सरका, फाटक उघडं ठेवा, वनखात्याला 1926 वर फोन करा. कुठलंही जंगली जनावर चावलं तर साबणाने पंधरा मिनिटं धुऊन रेबीजची लस, त्यात चालढकल नको. मादीला बहुतेक वेळा एकच पिल्लू होतं आणि ते वर्षभराहून जास्त तिच्यामागे फिरतं, त्यामुळे एक मादी मारली की पिल्लूही गेलंच समजा. शिवाय वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे तो, शिकारीला तीन ते सात वर्षं शिक्षा. हे मी ग्रुपवर टाकलं. अंगठे आले दोन. एक आईचा.

काल रात्री मोठेबाबांचाच फोन आला. संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यावर मोठं बीळ दिसलं म्हणे, ताजी माती आहे.

"पोट्ट्यायले सांगतलं काय?"

"नाही सांगतलं," म्हणाले, आणि मग पावसाचं बोलायला लागले.