५० माउझर, ४६,००० काडतुसे : पिस्तूल निवडताना नेमके काय निवडले जाते?

१/
२६ ऑगस्ट १९१४, बुधवार. कोलकात्याच्या कस्टम हाउसमधून ‘रॉडा आणि कंपनी’ या शस्त्रविक्रेत्या पेढीच्या कारकुनाने २०२ पेट्या सोडवून घेतल्या. व्हॅन्सिटार्ट रो येथील गोदामात मात्र १९२ पेट्याच पोहोचल्या. उरलेला माल आणतो असे सांगून कारकून बाहेर पडला, तो परतलाच नाही. तीन दिवसांनी पोलिसांत वर्दी गेली. नाहीशा झालेल्या १० पेट्यांत ५० माउझर पिस्तुले आणि त्यांची ४६,००० काडतुसे होती.

२/
कारकुनाचे नाव श्रीशचंद्र मित्र, ऊर्फ हाबू. ‘रॉडा शस्त्रलूट’ या नावाने हे प्रकरण क्रांतिकारी चळवळीच्या इतिहासात अजरामर झाले. त्याच्या वर्णनांत भर असतो तो ५० पिस्तुलांवर. या थ्रेडचे प्रतिपादन असे की, त्या दिवसाचा खरा आकडा ४६,००० हा आहे. पिस्तूल निवडणारा वस्तुतः काडतूस निवडत असतो. ते काडतूस दुर्मीळ असेल, तर सामर्थ्य आणि परावलंबन ही दोन्ही एकाच पेटीतून घरात येतात.

३/
प्रथम थोडी परिभाषा. कॅलिबर, म्हणजे बोलीभाषेतला ‘बोअर’, हा ढोबळमानाने नळीचा अंतर्व्यास. पण नुसत्या आकड्याने काडतूस ओळखता येत नाही. माउझरचे काडतूस ७.६३ मिलिमीटरचे, ब्राउनिंगचे ७.६५ चे, नावात फरक केसाएवढा. प्रत्यक्षात माउझरची पुंगळी २५ मिलिमीटर लांब आणि तोंडाशी निमुळती, ब्राउनिंगची अवघी १७ मिलिमीटर आणि सरळ. एकाचे काडतूस दुसऱ्यात चालत नाही. पिस्तूल आणि काडतूस यांचे नाते कुलूप आणि किल्लीचे असते.

४/
माउझर सी-९६ हे जर्मनीतील ओबर्नडॉर्फ येथे बनणारे अर्धस्वयंचलित पिस्तूल. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटे आणि पुढची आपोआप नळीत चढे. मॅगझीन चापाच्या पुढे. धातूच्या पट्टीत बसवलेली १० काडतुसे वरून एका दाबात आत जात. ज्या लाकडी पेटीत ते ठेवले जाई, तीच मुठीला जोडली की खांद्याला लावून नेम धरता येई. गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ४३० मीटर. त्या काळच्या पिस्तुलांत हा वेग विलक्षण होता. विन्स्टन चर्चिल यांनी १८९८ च्या ओमदुर्मानच्या लढाईत हेच पिस्तूल वापरले होते.

५/
बंगालमधील गुप्त मंडळांना त्याचे महत्त्व केवळ वेगापुरते नव्हते. तोवर त्यांच्याकडची शस्त्रे म्हणजे मिळेल ते : कुठून चोरलेले रिव्हॉल्व्हर, कुठून विकत घेतलेले जुने पिस्तूल. प्रत्येकाचा बोअर निराळा. एकाजवळ शस्त्र आहे पण काडतूस नाही, दुसऱ्याजवळ काडतूस आहे पण ते बसेल असे शस्त्र नाही, अशी ही दैना. रॉडाच्या पेट्यांनी प्रथमच ५० सारखी शस्त्रे दिली आणि एकाची काडतुसे दुसऱ्याला पुरवण्याची सोय केली. हिशेब सोपा आहे : प्रत्येक पिस्तुलामागे ९२० काडतुसे.

६/
न्यायमूर्ती सिडनी रौलट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९१८ च्या अहवालात या मालाचा माग नोंदवला आहे. ४४ पिस्तुले जवळजवळ तत्काळ ९ निरनिराळ्या गटांत वाटली गेली; दरोडे, खून आणि तशा प्रयत्नांच्या ५४ प्रकरणांत ती वापरली गेली; ३१ पिस्तुले पोलिसांनी पुन्हा हस्तगत केली. ऑगस्ट १९१४ नंतर बंगालमध्ये घडलेल्या क्रांतिकारी कृत्यांपैकी क्वचितच एखादे या पिस्तुलांवाचून घडले असेल, असा समितीचा निष्कर्ष होता.

७/
येथवरची गोष्ट सामर्थ्याची. आता दुसरी बाजू. लूट झाली तेव्हा ब्रिटन आणि जर्मनी यांच्यातील युद्धाला तीन आठवडे झाले होते. ओबर्नडॉर्फचा माल आता शत्रुराष्ट्राचा माल होता. रॉडाच्या गोदामात तशी दुसरी खेप उतरण्याची आशा उरली नव्हती. म्हणजे ४६,००० हा साठा केवळ घटणारा होता. विहिरीत पाणी पुष्कळ असले, तरी झरा आटला असेल तर प्रत्येक घागर मोजूनच काढावी लागते. सरावासाठी उडवलेली गोळीसुद्धा परत न येणारी होती.

८/
दुर्मीळ काडतुसाचा आणखी एक दोष असा की, ते बोलते. घटनास्थळी पडलेली पुंगळी सर्रास आढळणाऱ्या काडतुसाची असेल, तर तपास करणाऱ्याला तिच्यावरून फारसे काही कळत नाही. ती माउझरची असेल, तर नजर थेट रॉडाच्या १० पेट्यांकडे वळते. रौलट समितीला ५४ प्रकरणे एका सूत्रात ओवता आली, यामागे या शस्त्राचे वेगळेपण निश्चितच असले पाहिजे. ज्या एकसारखेपणाने गटांना बळ दिले, त्यानेच सरकारच्या हाती धागा दिला.

९/
महाराष्ट्राने हा अनुभव पाच वर्षे आधी घेतला होता. सावरकरांनी १९०९ मध्ये चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत लंडनहून २० ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात पाठवली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनचा वध केला, तो त्यांपैकीच एका पिस्तुलाने. पुढे झालेल्या खटल्यांत त्या पिस्तुलांचा लंडन ते नाशिक हा प्रवास पुराव्याचा महत्त्वाचा भाग ठरला. शस्त्र जेवढे अनोखे, तेवढे त्याचे मूळ शोधणे सुलभ.

१०/
९ सप्टेंबर १९१५. ओडिशातील बालासोरजवळ जतींद्रनाथ मुखर्जी, म्हणजे बाघा जतीन, आणि त्यांचे चार सहकारी माउझर पिस्तुलांनिशी पोलिसांच्या रायफलींसमोर उभे ठाकले. ते त्या किनाऱ्याकडे आले होते जर्मन शस्त्रांच्या जहाजाच्या अपेक्षेने. ते जहाज आलेच नाही. चित्तप्रिय रायचौधुरी तिथेच पडले, जतींद्रनाथांनी दुसऱ्या दिवशी बालासोरच्या रुग्णालयात प्राण सोडला. या प्रसंगाचे शौर्यगान पुष्कळ झाले आहे आणि ते यथार्थ आहे. पण न आलेले जहाज हेही या कथेतील एक पात्र आहे.

११/
यावर आक्षेप येईल : हुतात्म्यांच्या इतिहासात पुंगळ्या मोजत बसणे कोतेपणाचे नव्हे काय? उलट, पुरवठ्याचा विचार सोडून शौर्याचे वर्णन करणे हाच त्या माणसांवरचा अन्याय आहे. त्यांना या गणिताची पूर्ण जाणीव होती; म्हणून तर जर्मन जहाजाची वाट पाहिली गेली, म्हणून तर एका कारकुनाने आपले उभे आयुष्य १० पेट्यांवर लावले. त्यांची अडचण समजल्यावाचून त्यांचे धैर्य समजत नाही.

१२/
हे गणित केवळ गुप्त मंडळांना छळत होते असेही नाही. जर्मन लष्कराला पहिल्या महायुद्धात पिस्तुले अपुरी पडू लागली, तेव्हा माउझरकडे मागणी गेली. पण अट अशी की पिस्तूल ७.६३ चे नको, लष्कराच्या ९ मिलिमीटर काडतुसाचे हवे. कारखान्याने नळी बदलली. दोन जातींची गल्लत होऊ नये म्हणून मुठीवर ‘९’ चा आकडा कोरून लाल रंगाने भरला. संग्राहक आजही त्याला ‘लाल नऊ’ म्हणूनच ओळखतात. पिस्तूल बनवणाऱ्यालाही काडतुसापुढे नमते घ्यावे लागले.

१३/
चीनमध्ये तर याहून मोठा फेरफार झाला. तेथील युद्धसरदारांनी माउझर मोठ्या प्रमाणावर आणवले होते. शान्शी प्रांताचा सत्ताधीश यान शीशान याच्या ताययुआन येथील शस्त्रागारात .४५ बोअरच्या थॉम्पसन बंदुकांच्या नकला बनत. दोन शस्त्रांना दोन काडतुसे पुरवण्याऐवजी त्याने माउझरचीच .४५ बोअरची थोराड आवृत्ती काढली. दिसायला ओबडधोबड, पण विचार चोख : काडतूस एकच असावे, आणि ते आपल्या कारखान्यात बनणारे असावे.

१४/
राज्यकर्त्यांनी हे मर्म फार लवकर ओळखले. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश सरकारने लष्करी दारूगोळा बंडखोरांच्या उपयोगी पडू नये म्हणून हिंदुस्थानात .४५० बोअरच्या रायफलींना मज्जाव केला. तेव्हा इंग्रज बंदूककारांनी शिकाऱ्यांसाठी.४७० सारखी नवी काडतुसेच निर्माण केली. स्वतंत्र भारताच्या १९६२ च्या शस्त्र नियमांत हीच दृष्टी दिसते. सैन्याची ९ मिलिमीटरची किंवा .३८० व .४५५ ची काडतुसे ज्यांत बसतील, ती पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरे निषिद्ध वर्गात गेली. नियमाची कसोटी पिस्तुलाच्या नावावर नव्हती. त्यात कोणते काडतूस शिरते, यावर होती.

१५/
त्या चाळणीतून सुटले ते .३२, म्हणजे ब्राउनिंगचे ७.६५. गोळी हलकी, वेग सेकंदाला २८० मीटरच्या आसपास. माउझरच्या तुलनेत सौम्य. चंद्रशेखर आझाद यांच्याजवळचे कोल्ट याच काडतुसाचे होते. ते आज प्रयागराजच्या अलाहाबाद संग्रहालयात आहे. २७ फेब्रुवारी १९३१ च्या आल्फ्रेड पार्कमधील चकमकीची आठवण जागवणारे ते शस्त्र आणि आजच्या भारतीय परवानाधारकाच्या तिजोरीतील पिस्तूल यांचे काडतूस बहुधा एकच असते. यामागे आवडीनिवडीचा भाग थोडा, कायद्याचा मोठा.

१६/
म्हणून ‘विरळ कॅलिबर’ ही सापेक्ष कल्पना आहे. युरोप-अमेरिकेत .३२ हे आता मागील पिढीचे काडतूस मानले जाते. तिकडे ९ मिलिमीटरचे राज्य आहे. भारतात परवान्यावर नेमके उलटे चित्र. इथले ७.६५ चे काडतूस पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘के. एफ.’ ही मुद्रा घेऊन येते. एखाद्या घरी आजोबांच्या परवान्यावरचे परदेशी पिस्तूल असेल आणि त्याचा बोअर इथे बनत नसेल, तर ते कितीही मौल्यवान असो, व्यवहारात ते एक देखणे लोखंड असते.

१७/
निष्कर्ष. शस्त्राच्या इतिहासात नजर प्रथम मुठीच्या नक्षीकडे आणि कारखान्याच्या नावाकडे जाते. ते स्वाभाविक आहे. पण संग्रहालयातील काचेच्या पेटीसमोर उभ्या राहणाऱ्या तरुण अभ्यासकाने आणखी तीन प्रश्न विचारायला हवेत : याचे काडतूस कुठे बनत होते? ते कोणत्या वाटेने इथवर आले? आणि ती वाट कोण बंद करू शकत होते?

१८/
या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना वीरांच्या बरोबरीने बंदरावरचे हमाल, कस्टमचे कारकून, कारखान्यातील कामगार आणि नियम लिहिणारे अधिकारी इतिहासात प्रवेश करतात. रॉडाच्या गोदामात न पोहोचलेल्या १० पेट्यांनी बंगालची काही वर्षे घडवली. त्या पेट्या उचलणारा माणूस सेनापती नव्हता. कोणती पेटी कुठे जाते, हे रोज वहीत लिहिणारा एक कारकून होता. काडतुसाचे महत्त्व त्याच्याइतके कोणाला कळले असेल?