श्वास मोजा, अठरा लिहू नका

वॉर्डातला रुग्ण ‘अचानक’ गेला की चौकशी बसते आणि मागणी होते ती नव्या मॉनिटरची. सरकारी वॉर्डांत नोकरी संपवलेली मी म्हणेन, आधी त्याचा टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट काढा आणि श्वासाचा रकाना बघा. अठरा, अठरा, वीस, अठरा. शेजारच्या खाटेवरही अठराच. माणसे इतकी एका चालीत श्वास घेत नाहीत. (न मोजता अठरा मीही लिहिले आहेत.)

अशाच नोंदींवरून बिघडणारा रुग्ण वेळीच ओळखायला ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये ‘नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर’ आणला, २०१७ मध्ये तो सुधारला. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध, ताप यांना शून्य ते तीन गुण. बाहेरून ऑक्सिजन चालू असेल तर आणखी दोन. बेरीज पाच झाली की डॉक्टरांनी तातडीने बघायचे आणि तासातासाला नोंद, सातला धावपळच. लहान मुले आणि गरोदर बायकांसाठी तो नाही.

आता एक रुग्ण घ्या. श्वास २४, ऑक्सिजन ९५, नाडी १०८, वरचे बीपी १०४, ताप १००, बोलणे व्यवस्थित. यातल्या एकाही आकड्यापाशी राउंड थांबणार नाही. गुण मात्र श्वासाचे दोन, ऑक्सिजन, नाडी, बीपीचा एकेक. झाले पाच. याच चार्टवर सवयीने १८ लिहा, उरतात तीन. म्हणजे पुन्हा बघणार चार-सहा तासांनी. जंतुसंसर्गात किंवा आतल्या रक्तस्रावात शरीर बीपी बराच वेळ सावरून धरते, श्वास त्याआधीच वाढलेला असतो. आणि तोच आपण मोजत नाही.

‘सिस्टरना वेळ कुठे आहे?’ खरे आहे. रात्री चाळीस खाटांना एक सिस्टर हे मी भोगले आहे. पदे भरलीच पाहिजेत. पण वेळ अपुरा म्हणूनच गुण हवेत. शून्यवाल्याला बारा तासांनी बघितले तरी चालते, तो वेळ पाचवाल्याला देता येतो. आज आपण सगळ्यांना सारखेच बघतो, म्हणजे कोणालाच नीट नाही.

मात्र गुण नुसते लिहून उपयोग नाही. रात्री तीनला डॉक्टरांना फोन केला की पलीकडून उत्तर यायचे, ‘बीपी १०४ ना? मग सकाळी बघू.’ यावर सिस्टरने हुज्जत घालायची हिंमत करावी, अशी अपेक्षा का? गुण पाच झाले की कोणी यायचे, किती मिनिटांत, नाही आले तर वर कोणाला कळवायचे, हे अधीक्षकांच्या सहीने वॉर्डात लावा.

इंग्लंडमध्ये २०२४ पासून ‘मार्थाज रूल’ लागू होऊ लागला; त्यात नातेवाइकांनाही वेगळ्या पथकाकडून तपासणी मागता येते. आपल्याकडे नातेवाईक रात्रभर खाटेखाली चटई टाकून असतातच. ‘सिस्टर, यांना धाप लागल्यासारखी वाटतेय,’ हे मी कितीदा तिथूनच पहिल्यांदा ऐकले आहे.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा